केडगाव ते नवापूर, आईसोबत सहा दिवस

गेली दोन वर्षं मी एकच प्रार्थना करत होते आणि उत्तर आलंय की नाही तेच कळत नव्हतं. मी पुण्यात आयसीयूत नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली, लग्न केलं नाही, आई माझ्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या मेडिकल कॅम्पला नवापूरच्या पुढे एका छोट्या मिशन हॉस्पिटलमध्ये चार दिवस गेले होते, तीस बेडचं असेल, आणि परत आल्यापासून ते ठिकाण मनातून जाईना. आमच्या मंडळीत ज्याला देवाचं पाचारण म्हणतात ते हेच का, की मी नुसती आयसीयूला दमलेय आणि त्यालाच देवाचं नाव देतेय, हा प्रश्न नाईट ड्यूटीला रोज यायचा. पगार निम्म्याहून कमी होणार, फ्लॅटचे हप्ते अजून चार वर्षं आहेत, आईला बीपी आणि शुगर. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "सिस्टर, एकदा येऊन राहून बघा, मग ठरवा." जानेवारीत सहा दिवस रजा मिळाली. आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, मी पण येते, पण आधी केडगावला जाऊ.

पहिला दिवस, शनिवार

पुण्याहून दौंडची डेमू पकडली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. (नगरजवळ पण एक केडगाव आहे, ते वेगळं, हे दौंड तालुक्यातलं.) यवत सोडल्यावर खिडकीतून गुऱ्हाळाचा वास यायला लागतो, ऊसाच्या ट्रॉल्या फाटकापाशी रांगेत उभ्या, थंडी पण चांगली होती. आईने मांडीवर पिशवी धरली होती आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं तिच्या आजीचं बायबल होतं.

ही आजी म्हणजे माझी पणजी. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून ज्या मुली पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या त्यातली ती एक. वय सात की आठ, नक्की कोणालाच माहीत नाही, तिलाही नव्हतं. गावाचं नाव आठवत नव्हतं, आईबापाचं नाव आठवत नव्हतं. आगगाडी आठवायची आणि पहिल्या दिवशी मिळालेली पातळ पेज आठवायची, एवढंच. मोठी झाल्यावर तिथल्या छापखान्यात पानं दुमडायला होती. आईला ती मरेपर्यंत "दीकरी", म्हणजे मुलगी, म्हणायची, मराठी बाकी सगळं अस्खलित, पण हा एक शब्द गुजरातीच राहिला. आणि ताटात शीत ठेवलेलं तिला चालायचं नाही, कोणाच्याही ताटात, पाहुण्याच्याही.

मुक्ती मिशनला आधी फोन करून ठेवला होता. संध्याकाळी पोचलो, जेवलो, आई लवकर झोपली. मी बाहेर ओट्यावर बसून होते. एवढी शांत रात्र मी कित्येक महिन्यात ऐकली नव्हती, आयसीयूत मॉनिटरचा आवाज कानात इतका बसलेला असतो की घरी पण तो ऐकू येतो.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी उपासना. चर्च मोठं आहे, रमाबाईंच्या काळात हजारावर मुली एकावेळी बसतील असं बांधलेलं. शास्त्रभाग बायबलमधल्या निर्गमच्या तिसऱ्या अध्यायातला होता, मोशे आणि जळतं झुडूप. लहानपणापासून शंभरदा ऐकलंय, पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. मोशे विचारतो, मी कोण असा की फारो राजाकडे जावं? त्यावर देव तू अमुक आहेस, तुला हे जमतं, तुझा अनुभव मोठा आहे असं काहीच बोलत नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच म्हणतो. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, पण खरं उत्तर तेच आहे. मी दोन वर्षं देवाला "मला जमेल का" हेच विचारत होते आणि तो त्या प्रश्नाचं उत्तर देतच नव्हता, मग मला वाटायचं तो गप्प आहे.

दुपारी तिथल्या एका ज्येष्ठ ताईंनी परिसर दाखवला. अंध बायकांसाठी वेगळं सदन आहे, मुलांसाठी आहे, म्हाताऱ्या बायकांसाठी आहे. रमाबाईंबद्दल आपण शाळेत दोन ओळी वाचतो, समाजसुधारक, विधवांसाठी शारदा सदन, संपलं. पण त्यांच्या आयुष्याकडे नर्सच्या नजरेने बघितलं की वेगळंच दिसतं. १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले, मग भाऊ आणि त्या मैलोन् मैल पायी हिंडले. १८८० मध्ये लग्न आणि दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात मुलगी मनोरमा, तीही जेमतेम वर्षाची. त्याच १८८२ साली पुण्यात सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की या देशात बायकांना बाई डॉक्टर हव्यात. आणि १८८३ मध्ये स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून लहान पोरीला घेऊन इंग्लंडला गेल्या.

आणि तिथे कान गेले. म्हणजे ऐकू कमी येत होतंच, ते इतकं वाढलं की मेडिकलचा विषयच संपला. मी हे आधी वाचलं होतं पण तिथे उभं राहून ऐकताना पोटात कालवलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तेच दार बंद. त्यांची नात्यातली आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली तेव्हा रमाबाई तो समारंभ बघायला खास अमेरिकेला गेल्या. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसरीला मिळताना टाळ्या वाजवायला जायचं, याला काय छाती लागत असेल. आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत त्यांचं शारदा सदन सुरू झालं. ही तारीख योगायोगाने जुळली असेल, मला मात्र तो योगायोग वाटत नाही.

अजून एक. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, पण त्यांनी स्वतःच सांगितलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, मनाला शांती लाभली ती आठेक वर्षांनी. आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत त्या थांबल्या नव्हत्या, सदन काढलं, मुली शिकवल्या, पैसे उभे केले. शांती आली की मग पाऊल टाकू असं मी मनाशी धरून बसले होते, आणि ह्या बाई शांतीशिवायच चालत होत्या, ती वाटेत मिळाली त्यांना.

१८९६-९७ च्या मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या वेळचं ऐकताना आई रडली. रमाबाईंना स्वतःच्या दुष्काळाची आठवण होती म्हणूनच घरी बसवेना, स्वतः गेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, मुलींना तिथे ठेवता येईना, म्हणून केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर आणल्या जिथे धड निवारा पण नव्हता. म्हणजे हे एवढं मोठं मुक्ती मिशन आधी आराखडा काढून, फंड जमवून सुरू झालेलं नाही, पोरी दारात आल्या म्हणून झालं. १९०० च्या दुष्काळानंतर संख्या दोन हजाराच्या घरात गेली आणि त्यातली एक माझी पणजी.

आईने बायबल पिशवीतून काढून ताईंना दाखवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषेतून साध्या मराठीत केलेलं हे भाषांतर, साध्या बाईला वाचता यावं म्हणून, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापलेलं. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं पण त्या ५ एप्रिल १९२२ लाच गेल्या होत्या, शेवटची प्रुफं तपासून झाल्यावर. आमच्या प्रतीवर स्तोत्रसंहितेच्या पानांना हळदीचे डाग आहेत, पणजी चुलीपाशी बसून वाचायची. ताईंनी चष्मा काढून पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका पानापाशी थांबल्या, ते पान जरा तिरकं दुमडलं गेलं होतं, कापताना एक कोपरा जास्तीचा राहिलाय. "कोणत्या तरी पोरीचा हात घाईत होता," म्हणाल्या. आईने ते पान आधी कधी बघितलंच नव्हतं. रात्री झोपेपर्यंत ती तेच उघडून बसली होती.

तिसरा दिवस, सोमवार

केडगावहून दौंड, दौंडहून एसटीने नगर. (नाव आता अहिल्यानगर झालंय पण कंडक्टर पण नगरच म्हणत होता.) मामाकडे उतरलो. मामाला सगळं आईने फोनवर सांगितलं होतं त्यामुळे चहा व्हायच्या आतच सुरू झालं. "बेचाळीस वर्षांची झालीस, पेन्शनचं बघायचं वय, आणि तू आदिवासी भागात एकटी जाणार? ताईला कोण बघणार? देवाची सेवा पुण्यात होत नाही का?" मामा वाईट नाही, माझ्या वडिलांनंतर त्यानेच फी भरली होती नर्सिंगची, म्हणून त्याला उलट बोलवेना. आणि पुण्यात सेवा होत नाही का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतंच, होते की.

संध्याकाळी एकटीच ख्रिस्त गल्लीकडे फिरत गेले. या नगरात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून. सिंथिया फॅरार नावाची अविवाहित बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून जहाजात बसून मुंबईला आली, मग नगरला आली, मुलींच्या शाळा काढल्या आणि इथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिकेचं ट्रेनिंग तिच्याकडेही झालं असं सांगतात. १८२७ ला तिला कोणी मामा काय काय बोलला असेल असं मनात आलं. आणि रेव्हरंड टिळक, ज्यांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो, त्यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, वय पन्नाशीच्या वर, तब्येत बरी नाही, आणि दोनच वर्षांनी गेले. त्यांच्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल कोण जाणे. आपण मोठ्या माणसांचे निर्णय वाचतो ते झालेले निर्णय असतात, त्याच्या आदल्या रात्री ते कूस बदलत होते का ते कुठे लिहिलेलं नसतं.

परत आले तर मामा अंगणात माझ्यासाठी थांबला होता, जेवला नव्हता. काही बोलला नाही, फक्त म्हणाला उद्याच्या गाडीला स्टँडवर सोडतो.

चौथा दिवस, मंगळवार

पूर्ण दिवस एसटीत. राहुरी, शिर्डी, कोपरगाव, येवला, मनमाड, मालेगाव, धुळे, तिथून गाडी बदलून नवापूर. आईचे पाय सुजले. मालेगावला मिसळ खाल्ली. धुळ्याच्या पुढे दिवस मावळला. आई खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मला एकदम भयंकर भीती वाटली, म्हणजे शब्दशः छातीत धडधड, की मी हे काय करतेय, आजारी आईला घेऊन कुठे चाललेय. मोबाईलला रेंज नव्हती. यहोशवाच्या पुस्तकातलं "खंबीर हो, हिंमत धर" तेवढं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, दुसरं काही सुचतच नव्हतं. भीती गेली नाही. पण नवापूर आलं आणि डॉक्टरांनी पाठवलेली जीप उभी होती.

पाचवा दिवस, बुधवार

सकाळी साडेसहाला वॉर्डात प्रार्थना होते, स्टाफ, नातेवाईक, ज्याला यायचं तो येतो. मावची भाषेत एक गाणं म्हटलं, शब्द कळले नाहीत पण चाल ओळखीची वाटली. मग डॉक्टरांबरोबर राऊंड. टीबी, सर्पदंशाने सुजलेला पाय, एक बाळंतीण जिचं हिमोग्लोबिन बघून मी दोनदा रिपोर्ट वाचला. आणि सिकलसेल. या पट्ट्यात आदिवासींमध्ये तो खूप आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं फोडून काढल्यासारखं दुखतं. थंडीने आणि पाणी कमी पडलं की अटॅक येतो, म्हणून जानेवारीत पेशंट जास्त.

अकराच्या सुमारास पाच-सहा वर्षांची एक मुलगी आणली. आईच्या पाठीला ओढणीने बांधून, पहाटेपासून चालत. पोर रडत पण नव्हती, नुसती कण्हत होती, ओठ सुकलेले, हातपाय गार. सलाइन लावायला हवं आणि शीर मिळेना. तिथल्या सिस्टरने दोन वेळा प्रयत्न केला, चांगल्या हाताची मुलगी आहे ती, पण एवढ्या सुकलेल्या पोरीला शीर सापडणं सोपं नसतं. तेवढ्यात लाईट गेली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. सिस्टरने माझ्याकडे बघितलं.

मी पाहुणी होते, एप्रन पण नव्हता. पण हात धुतले. गरम पाण्यात फडकं बुडवून पोरीचा हात गुंडाळून ठेवला पाच मिनिटं, शिरा वर येतात त्याने. लहान मुलांच्या तळहाताखाली टॉर्च धरला की हाताच्या मागची शीर काळी रेघ दिसते, पण मोबाईल धरायला कोणी हवं होतं, सिस्टरने मनगट पकडलं होतं, मावशी पोरीला धरून बसल्या होत्या. मागून आवाज आला, "दे इकडे." आई होती. वॉर्डाच्या दारात स्टुलावर बसली होती ती उठून आली, खाली बसली, गुडघे दुखतात तिचे तरी, आणि तो इवलासा हात आपल्या हातात घेऊन खालून उजेड धरला. पोरीचा पंजा लालभडक दिसायला लागला आणि त्यात ती बारीक रेघ. पिवळी, चोवीस नंबरची सुई. मी श्वास धरला, आत सरकवली, आणि मागे रक्ताचा थेंब दिसला. आलं. सलाइन सुरू झालं, दुखणं कमी करायचं औषध गेलं, पाऊण तासाने पोर झोपली.

हे मी पुण्यात हजारो वेळा केलंय. तिथे शीर शोधायचं मशीन पण आहे. पण त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात हप्ता नव्हता, मामा नव्हता, पाचारण आहे की नाही हा प्रश्न सुद्धा नव्हता. नंतर लक्षात आलं की दोन वर्षांत पहिल्यांदा इतका वेळ तो प्रश्न गप्प बसला होता. छातीवरचं काहीतरी कोणी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. मी बाहेर जाऊन चिंचेखाली उभी राहिले आणि खूप रडले, दुःखाने नाही. प्रभू, तू इथे आधीपासून होतास, एवढंच तोंडातून आलं.

संध्याकाळी त्या पोरीच्या आईला जेवण दिलं, नागलीची भाकरी आणि नवापूरची तूरडाळ. पोर उठून बसली होती, तिच्या ताटात थोडा भात उरला. माझ्या आईने ते ताट पुढे ओढलं, शितं एकत्र केली आणि घास करून तिच्या तोंडापुढे धरला. पोरीने खाल्ला.

सहावा दिवस, गुरुवार

सकाळी डॉक्टरांशी बोलले. घाई करू नका म्हणाले, पुण्यात जाऊन पुन्हा महिनाभर प्रार्थना करा, आणि आला नाहीत तरी आपलं नातं तेच राहील. कोणी ओढत नव्हतं म्हणून उलट मन ठाम झालं. भाड्याने फ्लॅट दिला तर हप्ता बराचसा भागेल हा हिशोब मी आधीही केला होता, पण त्या वेळी जमणार नाही हे ठरवून केला होता. आता तोच कागद पुन्हा मांडला. पगाराचा खड्डा आहेच, तो दिसतोय, तरी जातेय. डॉक्टरांना म्हटलं, जूनपासून येते.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, फलाटावरच एक बाक आहे त्याच्यावर दोन्ही राज्यांची नावं लिहिलेली, लोक दोन बाजूंना बसून फोटो काढतात. आम्ही सुरतच्या गाडीची वाट बघत होतो, तिथून पुण्याची गाडी. आई जाऊन गुजरातच्या बाजूला बसली. पाटीवरची गुजराती अक्षरं बराच वेळ बघत होती, वाचता येत नाहीत तिला.

"आजी इकडूनच कुठून तरी आली असेल नाही गं," म्हणाली.

मी शेजारी बसले. तिने पिशवीतून सकाळच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली, एक गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि स्ट्रिप माझ्या हातात दिली.

"ही बीपीची इथे नवापुरात मिळते का ते विचारून ये. स्टेशनबाहेर मेडिकल आहे, मी मघाशी बघितलंय."

गाडीला वीस मिनिटं होती. मी विचारून आले. मिळते.